देवदाराचे मिटलेले डोळे

नाना, तुमच्या त्या देवदाराबद्दल आज मला बरंच ठाऊक आहे, आणि ऐकायला तुम्ही नाही. दिवस लहान होऊ लागले की फांदीच्या टोकाच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबाच्या कळ्यांत, वाढ रोखणारं संप्रेरक चढत जातं, वाढवणारी ओसरतात आणि डोळे घट्ट मिटतात. पुढे काही आठवडे कडक थंडी मिळाली तरच रोखणारं उतरतं, वाढवणारी पुन्हा जोर धरतात, आणि ऊब आली की कोंब फुटतो. वर्गात मी याच्या दोन रेघा फळ्यावर काढते, एक चढणारी, एक उतरणारी. तेव्हा सुरतेत हे कुणी सांगितलं असतं तर आपलं घर एवढं भ्यालं नसतं.

माझ्यानंतरची आईची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला तुम्ही पांडेसऱ्याच्या मिलमधल्या सोबत्यांबरोबर नवसाला बद्रीनाथला गेलात आणि येताना हे रोप आणलंत. फाल्गुनात याला कोंब फुटतील, तेव्हाच बाळ येईल, असं आईसमोर बोलून बसलात. गोडादऱ्याच्या खोलीत डालड्याच्या डब्यात ते उभं होतं. माघ आला तरी डोळे मिटलेलेच. आई रोज डब्याकडे बघायची आणि जेवण टाकायची. तुमचाच शकुन तुमच्या गळ्याशी आला होता.

पहाडातला माळी म्हणाला होता, बर्फ खाल्ल्याशिवाय हे झाड उठत नाही. ते तुम्हाला आठवलं. आपल्या गावचा एक माणूस कतारगामकडे कोल्ड स्टोरेजमध्ये पोती उचलायचा. आईला रोप माळ्याकडे औषधाला दिल्याचं सांगून तुम्ही ते तिथे बटाट्यांच्या पोत्यांमागे ठेवलंत. सुट्टीच्या दिवशी मला सोबत नेता. जाड दार मागे लागतं, तोंडातून वाफ निघते, आणि तुम्ही नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का बघता. तुमचं बोट त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरतं. मी विचारते, मेलं का?

“मरेल नही. जपेल शे,” म्हणता. मेलेलं नाही, नुसतं झोपलंय. “मायले काही सांगू नको.”

मला त्या दारापेक्षा तुमच्या बोटाची जास्त भीती वाटली होती.

भाऊ फाल्गुनाच्या सुरुवातीलाच आला, सरकारी दवाखान्यात, मूठभर पण खणखणीत रडणारा. झाड अजून पोत्यांमागे, डोळे मिटलेलेच. शकुन खोटा ठरला, सुटलो, असं मला वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही तिकडे जायला सायकल काढलीत. मी म्हटलं, नाना, आता कशाला? तुम्ही पायडलवर पाय ठेवलात.

“आते तर जास्तीच भ्याव वाटस.”

चैत्रात घरी आणल्यावर ते फुटलं आणि सुरतेच्या उन्हाळ्यात वाळून गेलं. भाऊ मात्र वाढला. आता त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. तो नोकरीला परगावी, म्हणून ती माझ्याकडे आहे. रोज फोनवर तो विचारतो, ताई, काळजीचं काही नाही ना? सगळं ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले, तेच मी हसत सांगते.

हे पत्र टाकायचं कुठे, नाना? पण घरात कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ती पोटावर हात ठेवून जिना उतरू लागली की मी तोंड फिरवते. मला भ्याव वाटतं, बघवत नाही.