नावाआधी काय लावू?

१२ ऑक्टोबर, रविवार
आले एकदाची दहिसरला. वाकोल्याची चाळ पाडायला घेतली, तशी लेकाने, निहारने, मी, माझी ट्रंक आणि तुळस अशा तिघींना गाडीत कोंबलं. चौदावा मजला. खिडकीतून नदी दिसते, तिला नदी म्हणायचं असेल तर. घरात संडास दोन. चाळीत एकासाठी अख्खी रांग लागायची, इथे कुठल्यात जायचं याचा विचार करावा लागतो. झकास.

सूनबाई अस्मिता म्हणाली, आई, कंटाळाल, रोज चार ओळी लिहीत जा. चौथी पास बाईने काय लिहायचं? पण वही जाड आहे, वाया कशाला घालवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
नातीने, गंधालीने, फोनवरून दिवाळीची कार्डं पाठवायला शिकवलं. आठ वर्षांची चिमुरडी, पण ओरडते मास्तरणीसारखी. आजी, बोट दाबून नको धरूस गं, नुसतं टेकव. ज्याला पाठवायचं त्याचाच फोटो घालायचा, वर पणत्या, खाली नाव. माणसाला स्वतःचंच थोबाड बघायला आवडतं, म्हणून ही युक्ती.

नाव लिहिलं की फोन विचारतो, नावाआधी काय लावू? आणि यादी दाखवतो. श्री., सौ., चि., कु., गं. भा., कै. गं. भा. वाचून डोकंच फिरलं. नवरा गेला म्हणून गंगा आणि भागीरथी, दोन-दोन नद्या माझ्या डोक्यावर?

पहिलं कार्ड घरच्या सगळ्यांचं केलं. ह्यांचाही फोटो घातला. मार्तंड, आधी कै. गंधालीने विचारलं, कै. म्हणजे काय? म्हटलं, कैलासाला गेलेला माणूस. मग तिथे आजोबा काय करतात? म्हटलं, भिडू नाही म्हणून चिडचिड करत बसले असतील.

खोटं नाही. ह्यांना मेंढीकोटाचं वेड. चाळीच्या गॅलरीत रोज दुपारी आम्ही चौघं पत्ते खेळायचो. हे, मी, ह्यांचा दोस्त काशीराम आणि शेजारची शकु. मेंढीकोट चौघांचाच, आणि मी ह्यांची भिडू. ह्यांच्या शेवटच्या वर्षी मी भांडून पानं फेकली, परत हात लावणार नाही म्हटलं. तर माझ्या जागी गंधालीला मांडी घालून बसवायचे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
काशीरामभावजींना कार्ड पाठवलं. श्री. वर बोट टेकवलं होतं, देवाशप्पथ. गेलं मात्र कै. काशीराम. त्यांचा लगेच फोन, खो खो हसत. म्हणाले, वहिनी, मारलंत की मला, निदान फराळ तरी खाऊ द्यायचा! मी म्हटलं, तुम्ही कसले मरताय, यमालाही पत्त्यांत फसवाल.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
काशीरामभावजी गेले. सकाळी दात घासता घासता. शकुने कळवलं. वय होतं, मान्य. पण कालच्या माझ्या बोलण्याची चव तोंडातून जात नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
शकुला कार्ड पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. फोनला हातही लावला नाही. दुपारी तीच ओरडत फोनवर. काय गं भवाने, माझ्या नावाला कै. लावतेस? सणाचं अभद्र! मी म्हटलं, शकु, मी पाठवलंच नाही. दोन दिवस कुठे जाऊ नकोस, एकटी राहू नकोस. म्हणाली, वसू, त्या टॉवरचा वारा लागलाय तुला.

मग घरचं कार्ड उघडून बघितलं. फोटोत ह्यांचे हात मांडीवर होते. मीच निवडला होता फोटो, मला माहीत आहे. आता हातात पानं आहेत. पंख्यासारखी धरलेली.

१९ ऑक्टोबर, रविवार
शकु गेली. पाटावर बसल्या जागी. सोऱ्या हातात, चकली अर्धी पडलेली.

निहारला सगळं सांगितलं. म्हणाला, आई, योगायोग गं, फोन बिघडलाय. त्याने ते ॲप काढून टाकलं. अस्मिता म्हणाली, आई, जरा पडा तुम्ही.

दोघं नेली. हे तिसरे. चौथा —

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
काढलेलं परत आलंय. आत एक कार्ड तयार. गंधालीचा फोटो, पिवळ्या फ्रॉकातला. चि. लावते — कै. होतं. पुन्हा चि. — पुन्हा कै. सात वेळा केलं. खाली लिहिलंय, पाडव्याला सकाळी सात वाजता जाईल.

पोरीला ताप भरलाय. अभ्यंगस्नानही नाही. मघाशी म्हणाली, आजोबांनी पानं वाटलीत, उचलू का? म्हटलं, हात लावलास तर हात मोडीन.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
डॉक्टर म्हणतात, साथीचा ताप. उतरत नाही. अस्मिता कपाळावरच्या पट्ट्या बदलते. फोन बादलीत बुडवला. पाण्याखालीही पणत्या जळतायत.

पोर झोपेत हात पुढे करते. पान टाकल्यासारखा.

मी ह्यांना ओळखते. हट्ट धरला की सोडायचे नाहीत. पण ती जागा तिची नाही. माझी आहे. मी उठले म्हणून रिकामी झाली —

२२ ऑक्टोबर, पाडवा. पावणेसात
पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचं. घ्या, ओवाळते.

फोन बादलीतून काढला. चालू आहे. गंधालीचा फोटो काढून माझा घातला. नाव लिहिलं, वसुधा. विचारलंन्, नावाआधी काय लावू?

कै. वर बोट टेकवलं. दाबून नाही. शिकवलंय पोरीने. पहिल्या झटक्यात लागलं.

चाळीस वर्षं सोबत केली, दोन वर्षं मोकळी होते. पुष्कळ झालं.

अस्मिताची हाक — ताप उतरला — पोर पाणी मागतेय. बरं झालं. बरं —

सात.

गॅलरी. वाकोल्याचीच. शकु सरकून जागा देते. भावजी हसतायत, बघत मात्र नाहीत माझ्याकडे. हे पिसतायत. आले हो, आले. वाटा —

थांबा. एक माझं, एक शकुचं, एक भावजींचं, एक तुमचं — अहो, चौघंच ना आपण — हे पाचवं कुणाला वाट