बाज न मावणारी गाडी

लातूर,
गुरुवार

प्रिय अण्णा,

हे पत्र मुद्दाम सलीमचाचांच्या गॅरेजच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी फोन केला तर आधी आई उचलते, मग आत्या, आणि तुमच्या कानापर्यंत पोचताना माझं म्हणणं पार बदललेलं असतं. तेव्हा तिथंच बाकड्यावर बसून वाचा. रविवारी सुपारी फोडायची म्हणून त्याआधी तुम्हाला माझा होकार हवा आहे, हे आईनं तीनदा सांगितलंय. होकाराचं शेवटी बोलते. आधी गाडीचं बोलू, कारण गेल्या रविवारी सत्यम सर मला बघायला हदगावला आले, तेव्हा आपल्या घरात मुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जे काही कौतुक झालं ते त्यांच्या गाडीचं, आणि सगळ्यात जास्त तुमच्या तोंडून.

अण्णा, ती गाडी म्हणजे निव्वळ थट्टा आहे. समोर चकचकीत जाळीचा हा एवढा जबडा. बॉनेटवर हवा आत जायला म्हणून एक भोक, तेही खोटं. मी बोट घालून बघितलं, आतून प्लास्टिकनं बुजवलेलं. मागे एक पंख चिकटवलाय. आपल्या उमरखेड रस्त्यावर खड्डे चुकवण्यातच जीव जातो आणि ह्यांना गाडी उडून जायची भीती! डॅशबोर्डला लाकूड आहे म्हणे. लाकूड कसलं, लाकडाच्या छापाचा कागद. एका कोपऱ्यात सुटायलाही लागला होता. सीडी लावली की निळे दिवे नाचतात, वरातीतल्या बँजो पार्टीपुढे नाचावेत तसे. मागे घेताना आरती वाजते. आत्यानं तर पहिल्यांदा हात जोडले आणि मग तिला कळलं की देव नाही, गाडी येऊन राहिली आहे. काळ्या मातीच्या मुलखात सायीसारख्या पांढऱ्या सीटा, आणि त्यांच्यावर शोरूमचं प्लास्टिक तसंच. सरांच्या मातोश्री उतरल्या तेव्हा भर उन्हात त्या प्लास्टिकनं त्यांची पैठणी पाठीला अशी चिकटली होती की बिचाऱ्या दारातच खांदे हलवत उभ्या राहिल्या. पेला ठेवायला दोन खोबणी आहेत. त्यांत आपल्या चहाच्या कपाचा कानही बसत नाही.

हे असलं बघायला मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना? बाकीच्या मुलींना त्यांचे वडील बाजारातून बांगड्या आणायचे, तुम्ही मला गॅरेजवर न्यायचे. नवीन गाडी गावात आली की तुम्ही आणि सलीमचाचा तिच्याभोवती फेरी मारायचे आणि मग तिची अशी सालटी काढायचे की मालक पंक्चर अर्धवट सोडून निघून जायचा. कापूस व्यापाऱ्याच्या गोल गाडीला तुम्ही म्हणाला होता, "ही गाडी हाय का वापरून झिजलेला साबण हाय?" चाचा हसता हसता खाली बसले होते. इंजिनिअरिंगला विष्णुपुरीला चार वर्षं काढली, पण गाडी कशी बघायची ते मी त्या बाकड्यावरच शिकले.

आणि तुमची शेवटची परीक्षा ठरलेली. मालक कितीही शेखी मिरवो, तुम्ही मागचं दार उघडून एकच विचारायचे, "बाज जाती का आत?" नवख्या माणसाला वाटायचं, हा कुणी खुळा आहे. मला माहीत होतं. भूकंपाच्या वेळी मी बारा वर्षांची होते. आईचं माहेर औशाकडचं, म्हणून खबर आली तशी तुम्ही जीप काढली ती आठवडाभर परत आलीच नाही. त्या जीपला ना धड काच, ना गादी. पण मागचं फळकं खाली पाडलं की माणसासकट बाज सरळ आत जायची. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाला दुमडून बसवता येत नाही, हे तुम्हीच आईला सांगत होता आणि मी दाराआडून ऐकत होते. किती जणांना लातूरच्या दवाखान्यात पोचवलं, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. जीपच्या पत्र्यावर बाजेच्या पायांचे ओरखडे तेवढे आहेत, आणि त्यांवर रंग द्यायला तुम्ही चाचांना आजवर हात लावू दिला नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी वाट बघत होते. वाटलं, आता अण्णा मागचं दार उघडतील आणि मजा येईल. तुम्ही उघडलंही. छत मागे उतरतं केलंय, दिसायला बरं म्हणून. बाज सोडा, आईचा पापडाचा डबाही उभा जाणार नाही. आणि तुम्ही काही न विचारता दार हळूच लावलं, त्या कागदी लाकडावरून हात फिरवला आणि म्हणालात, "लाकडाचं काम लई झ्याक केलंय." अण्णा, तेव्हा तुम्ही म्हातारे झालात असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही मिंधे दिसलात. तुम्हाला तसं मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग आम्हा दोघांना बोलायला म्हणून त्याच गाडीत बसवलं. सत्यम सर म्हणजे लातुरात प्रत्येक चौकात क्लासच्या जाहिरातीवर ज्यांचा हाताची घडी घातलेला फोटो आहे तेच, शेजारी पहिल्या आलेल्या मुलांचे टिकलीएवढे फोटो. मीही इथं क्लासलाच फिजिक्स शिकवते, तेव्हा ही दुकानदारी मला नवी नाही. सरांना एसीचं बटण सापडेना. वळायची खूण द्यायला गेले तर कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. डिझेलचं झाकण कोणत्या बाजूला आहे विचारलं, तर म्हणाले, ते ड्रायव्हर बघतो. स्वतःच्या गाडीत माणूस असा चाचपडतो का? मी म्हटलं, एक चक्कर मी मारू? हसले. म्हणाले, "तुम्हाला काय गरज? बाई मागं बसलेली शोभती." आणि मग त्या पांढऱ्या सीटवर थोपटून म्हणाले, "फकस्त रंग तेवढा सांगा. मला चंदेरी बरा वाटतो."

रंग मी का सांगायचा, हे मला घरी येऊन ताट वाढताना कळलं. पुढच्या बंपरवरची ती लाल पाटी मी बघितली होती. ती शोरूमची पाटी, गिऱ्हाइकाला फिरवून आणायच्या गाडीला लावतात ती. म्हणून प्लास्टिक काढलेलं नव्हतं, म्हणून बटणं सापडत नव्हती. ती गाडी त्यांची नव्हतीच अण्णा. लग्नात आपण काय द्यायचं, त्याचा नमुना घेऊन आले होते ते. आणि मला जी पाटी दिसली ती तुम्हाला दिसली नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

तरी म्हटलं, उगाच संशय नको. पण मंगळवारी सलीमचाचांचा माझ्या क्लासच्या फोनवर फोन आला. रडवेले झाले होते. "बेटा, तुझे अण्णा नांदेडला शोरूमात जाऊन आले. जीपेला गिऱ्हाईक बघ म्हणून राहिले मला, आन् कालव्याजवळच्या तुकड्यालाबी. तुला सांगू नको म्हणले." त्यांच्यावर चिडू नका. तुम्ही मला त्या लाकडाचं कौतुक ऐकवत होता ते माझ्यासाठीच, मला शंका येऊ नये म्हणून. ते आठवलं की मला तुमचा राग येतो आणि लगेच रडू येतं.

हे पत्र होकारासाठी नाही आणि परवानगीसाठीही नाही. काल संध्याकाळी मी सत्यम सरांच्या घरी गेले, त्यांच्या वडिलांसमोर बसले, दिलेला चहा प्यायले आणि नाही म्हणून सांगून आले. तुम्ही दिलेला शब्द मी मोडला आहे, तुम्ही मोडलेला नाही. भावकीत कुणी विचारलं तर मान खाली घालू नका. सरळ सांगा, पोरगी माझं ऐकत नाही.

तुमचीच,
वर्षाराणी