जावईबापूंचा कान

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाड्यांना स्पीकर-ॲम्प्लिफायर बसवायच्या आपल्या उंब्रजच्या दुकानात जुनं गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य तेच, "सासऱ्याची कला जावयाच्या हातात उतरलीया बरं का!" तुमचे जावईबापू मान खाली घालून हसतात आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. लेक मी तुमची, आणि कला उतरली म्हणे त्यांच्यात!

लग्नानंतर तुम्हीच त्यांना सांगलीहून बोलावून घेतलंत. मी दुकानामागच्या स्वयंपाकघरात भाकरी थापतेय आणि बाहेर उघड्या डिकीत वाकून तुम्ही त्यांना शिकवताय, "जावईबापू, ॲम्प्लिफायरवरचा ह्यो गेनचा स्क्रू म्हंजी व्हॉल्यूम न्हवं. टेपचा आवाज पाऊणभर ठिवा, बास बूस्ट बंद करा, गेन पार खाली आणा, मग हळूहळू वर न्या. आवाज फाटाय लागला की तितनं मागं या. फाटका आवाज स्पीकरची कॉइल जाळतो." मी पिठाच्या हातानं दारात आले आणि तुम्हा दोघांच्या आधी म्हणाले, "फाटला!" तुम्ही वळून पाहिलंत. "तुझी भाकरी करपतीया बघ," एवढंच म्हणालात. करपत होती, खोटं कशाला बोलू. पण पुढं गेन लावायची वेळ आली की नेमकी तुम्हाला तहान लागायची. "पाणी आण गं!" मी तांब्या घेऊन उभी, आणि स्क्रू-ड्रायव्हर जावयाच्या हातात. वर त्यांच्याच पाठीवर थाप. माझ्या पाठीवर तुमचा हात कधी पडला, मला आठवत नाही.

काल वडूजचा एक रिटायर फौजी आला. दुसरीकडं कुणीतरी गेन पार टोकाला नेऊन ठेवलेला, नव्या गाडीचे दोन्ही स्पीकर जळलेले. "आवं मालक, ह्या खेपेला जळलं तर बायको गाडीत बसायची न्हाई," म्हणाला. नवे स्पीकर बसवून जावईबापू स्क्रू फिरवायला लागले. हल्ली त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे मला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. मी शेजारीच उभी होते. आवाज फाटला, मला स्वच्छ ऐकू आलं, आणि मी मुद्दाम गप्प राहिले. होऊ दे एकदा फजिती, कळू दे सगळ्यांना! आणि त्याच क्षणी त्यांनी स्क्रू मागं घेतला.

फौजी खूश होऊन गेला. मी विचारलं, "तुमाला ऐकू आलं?"

"न्हाई. तुझ्या कपाळाला आठी पडली," ते म्हणाले. "आबांनीच शिकवलंय ते. शेवटी शेवटी त्यांचाबी कान गेला व्हता. म्हणायचे, 'पोरीच्या तोंडाकडं बघा. तिच्यासारखा कान माझाबी कवा न्हवता.'" आणि पुढच्या गाडीकडं गेले, जणू काही झालंच नाही.

आबा, मला खरं तर भरून यायला हवं होतं. आलंही जरासं. पण त्याच्याआधी पोटात जे दुखलं ते अजून थांबलेलं नाही. हे कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवीन, पाठवणार कुठं? तुम्हालाच म्हणून सांगते: माझं एवढं मोठं कौतुक केलंत, तेसुद्धा त्यांच्याच कानात.