लाल धागा

कुह्मो, सोमवार, १० नोव्हेंबर २०१४

चि. सैला,

अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र सप्टेंबरात आलं, ते घड्याळामागे ठेवलं आहे. रोज दिसतं आणि रोज वाटतं, उद्या लिहू. मला लिहायला वेळ लागतो, तुला ठाऊकच आहे. पाच इयत्ता झाल्या आणि मी लाकूडतोडीला गेलो. पितृदिनाचं तुझं कार्ड शुक्रवारीच पोचलं. काल आईनं केक केला. साखर जरा जास्त पडली, पण ती पूर्वीही पडायची.

तलावाच्या कडेनं बर्फ धरू लागला आहे. बटाट्यांच्या दोन पेट्या तळघरात ओल्या लागल्या. सरपण पुरेल असं वाटत नाही. धुराड्यातून कसला तरी वास येतो. आई म्हणते, वास तुझ्या नाकातच आहे. तू गाडीला हिवाळी टायर बसवलेस का? तिकडे रस्ते निसरडे झाले असतील.

यंदा पुस्तकं किती झाली, असं तू विचारलं होतंस. कपाटाच्या दाराच्या आतल्या यादीवर सोळा आहेत. वर्षाची नेमाची वीस यंदा व्हायची नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनचा आमचा नेम. मी लाकूड कारखान्यात रात्रपाळीला, आई पहाटेपासून शाळेच्या स्वयंपाकघरात. दर दुसऱ्या मंगळवारी वाचनालयाची पुस्तकगाडी यायची आणि आम्ही दोघांत मिळून एकच पुस्तक घ्यायचो. तिच्या खुणेचा धागा लाल, माझा करडा. दोन्ही धागे शेवटच्या पानाबाहेर आले की पुस्तक यादीत. कधी कधी दोन-दोन दिवस आमची धड गाठ पडायची नाही, पण पुस्तक उघडलं की ती कुठवर पोचली ते कळायचं. मी कायम मागे. “ओइवा, तुझ्या धाग्याला मुळं फुटली का रे?” म्हणायची. मला जादा पाळी पडली की तीच माझा धागा पुढे सरकवायची आणि कॉफी पिताना मधली पानं तोंडी सांगायची. तू मांडीवर बसून ऐकायचीस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

फेब्रुवारीत आईला न्यूमोनिया झाला. त्यानंतर ती दोन पानांत पेंगायला लागली. लाल धागा हलेना. यंदा वीस झाली नाहीत तर हे वर्ष तिला घेऊन जाईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं. मग ती पेंगली की मी तिचा धागा दहा पानं पुढे करायचो. कधी वीस. पण ती सरकवायची तेव्हा सांगायची. मी सांगितलं नाही.

ती पुस्तक उघडायची आणि थांबायची.

“ओइवा, हा पाद्री मेला कधी?”

“काल वाचलंस की.”

“मी?”

“मग कोण? धागा बघ ना.”

ती धाग्याकडे बघत राहायची.

मे महिन्यात ती कॅलेंडरच्या मागे पानांचे आकडे लिहू लागली. एकदा तिनं एकतीस लिहिलं होतं आणि धागा बावन्नवर होता. मी दारात उभा होतो. तिनं एकतीस खोडलं आणि बावन्न लिहिलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी लाकडं फोडायला गेलो.

ऑगस्टात दवाखान्यात तू शेजारीच बसली होतीस. आई म्हणाली, “वाचलेलं पुसलं जातं माझं.” डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते तिनं बरोबर काढलं. पाच शब्दांतले तीन आठवले. मग त्यांनी मला विचारलं, आणि मी टोपी फिरवत म्हणालो, “हो, विसरते.” त्यावरून तू वृद्धाश्रमाच्या अर्जाचा कागद मागवलास. तुझी चूक नाही. तुला जे सांगितलं त्यावर तू वागलीस.

खरं काय ते मलाच आता कळत नाही. ऑक्टोबरात तिनं पाण्याशिवाय कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. तसं मीही एकदा ठेवलं होतं. शेजारणीचं नाव दोनदा चुकली. त्यातलं तिचं किती आणि मी तिच्या मनात घातलेलं किती, कोण सांगणार?

गेल्या मंगळवारी पुस्तकगाडीवरच्या मेर्वीनं नवं पुस्तक पुढे केलं. आई म्हणाली, “ओइवालाच दे. माझ्यामुळे त्याचा खोळंबा होतो.”

“अगं आउने, चाळीस वर्षं तो तुझ्या मागे रखडतोय. त्याचा कसला खोळंबा?” मेर्वी म्हणाली. आई हसली नाही. घरी येऊन तिनं लाल धागा बटणावर गुंडाळला आणि शिवणाच्या डब्यात टाकला. एक डिसेंबरला वृद्धाश्रमात जायचं म्हणून तिनं पेटी भरून दाराशी ठेवली आहे. काल केक कापताना म्हणाली, “सैलाला लिही, मी आपखुशीनं जाते आहे. डोकं पुरतं जायच्या आत गेलेलं बरं.”

तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारेल, आणखी काय काय सरकवलंस? धाग्यावर तिनं कधी शंका घेतली नाही. आणि दुसरंही एक भय आहे, तेच मोठं. समजा मी सगळं सांगितलं, आणि त्यानंतरही तिला आठवेनासं झालं, तर? आता निदान माझ्यामुळे झालं असं म्हणता येतं. मग तेही म्हणता येणार नाही.

शेवटचं पुस्तक मी परत केलेलं नाही. तिनं खरोखर वाचलेलं शेवटचं पान मला माहीत आहे. एकेचाळीस. अठरा तारखेला पुस्तकगाडी येईल. त्याआधी मी तिच्यासमोर बसून सगळं सांगणार आहे, आणि तिनं ऐकून घेतलं तर एकेचाळीसपासून मोठ्यानं वाचणार आहे, मला जमेल तसं, अडखळत.

तोवर तो कागद धाडू नकोस. फोन करू नकोस, फोन स्वयंपाकघरात आहे आणि ती तिथंच बसते. माझ्यावर रागावलीस तर राग लिहू नकोस असं म्हणत नाही. पण कागद अजून तुझ्याजवळ आहे, एवढी एक ओळ लवकर पाठव. पोस्टमन रोज सकाळी अकरा वाजता येतो. मी दहापासून फाटकाशी असेन.

तुझा अपराधी बाबा,
ओइवा