अकीक्याच्या आधी चेनीचं तेलपाणी

७ एप्रिल, सोमवार. सकाळी सहा
रातभर झोपले न्हाई. चेनीपाई.
काल सिद्धेश्वरचं धरण बघून परत येऊन राहिलो होतो. मोटारसायकलीवर अजरा पुढं टाकीवर, मी मागं. कालव्याच्या पुलावर खालून कडकड आवाज आला, मागचं चाक जागीच अटकलं अन् गाडी घसरत कठड्याकडं गेली. चार बोटं जागा राहिली. खाली पाणी. अजराचे अब्बा उतरले, काडीनं चेन चढवली, हात गवताला पुसले, म्हणले, असं होतंय कधीमधी. तीन वर्षाचं लेकरू टाकीवर बसलेलं अन् म्हणे असं होतंय. अजरा म्हणली, अब्बा, अजून एकदा करा.
डोळे मिटले की कठडा दिसतो. कूस बदलली तरी कानात कर्र कर्र.
ही वही अजराच्या लसीच्या तारखा लिव्हायला घेतली होती. आता चेनीचं बी हिच्यातच लिव्हणार. सातवी शिकलेली हाय मी. लिव्हून केलं की चुकत न्हाई. कोणाला दाखवायची न्हाई.

त्याच दिवशी, अकरा
मुबश्शीरभाईला फोन लावला. माझा थोरला भाऊ. वसमतला त्याचं गॅरेज हाय. म्हणला, चेन कोरडी झाली असंल, वंगण न्हाई, वीस तारखेला अकीक्याला याल तवा बघतो. भाईला पोरगा झालाय, त्याचं जावळ काढायचं, जेवण हाय. मी म्हणलं, अरे, पण तिथवर त्याच गाडीवर यायचं ना आमाला. तर म्हणला, मंग नवऱ्याला सांग. तू हात लावू नको अंजू. तू सायकलीची चेन चढवायला गेल्तीस अन् सायकल खांद्यावर घेऊन घरी आल्तीस. अन् हसला. मागं त्याचं गिऱ्हाईक बी हसलं.
ते अर्धं सीटच तुटलं होतं सायकलीचं, त्याचं काय. असू द्या.
त्याला पुन्हा फोन करायचा न्हाई. वीस तारखेपर्यंत चेन मी करणार. तेरा दिवस हायेत. चेनीला किती दिवस लागतेत?
नवऱ्याला सांगून फायदा न्हाई. हळदीचा सीझन हाय. ते हळद पॉलिश करायच्या ड्रमावर कामाला हायेत, सकाळी सातला जातेत. म्हणतेत, सीझन झाल्यावर.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी साडेसहा
झालं सुद्धा. अजराचे अब्बा अंघोळीला गेले तवा करडीचं तेल घेतलं, चार चमचे चेनीवर सोडलं. चेनकव्हर मागच्या साली खडखड करतंय म्हणून काढून ठेवलंय, म्हून काम सोपं. गाडी गेली तर आवाज न्हाई. एकदम लोण्यावानी.
एवढ्यासाठी भाईनं गॅरेज टाकलंय.

८ एप्रिल, रात
गाडी आली. चेन पिवळी. पुरी पिवळी. दिवसभर ड्रमाजवळ उभी असते, हळदीची भुकटी उडून तेलाला चिकटली. घट्ट लेप झालाय. आवाज पहिल्यापेक्षा जास्त.
शेजारच्या जिवनबाई मावशी भाकरीचं पीठ मागायला आल्त्या. चेनीकडं बघितलं अन् म्हणल्या, काय गं, चेनीला हळद लावली, लगीन कोणाबरोबर हाय?
चूक तेलाची न्हाई. हळदीची.

९ एप्रिल, बुधवार
आज ते दुसऱ्याच्या गाडीवर गेले. कपड्याचा सोडा, गरम पाणी अन् भांड्याची तारेची घासणी घेऊन चेन घासली. दोन तास. चांदीवानी निघाली. अजरानं टाळ्या वाजवल्या. तेल मुद्दाम लावलं न्हाई. घाण तेलालाच चिकटते, तेल न्हाई तर घाण न्हाई. ही गोष्ट भाईला बी सुचली नसती.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी
चेन तांबडी. रातीतून गंज आला. आमच्या बोअरचं पाणी खारं हाय, त्याला मी काय करू.

१० एप्रिल, दुपारी
अजराला कडेवर घेऊन उत्तमसिंगभाऊंच्या दुकानात गेले. गाडीचे पार्ट विकतेत. भाईची त्यांची जुनी दोस्ती हाय, भिंतीवर खडूनं भाईचा नंबर लिव्हलाय, लांबच्या गिऱ्हाईकासाठी. मी तिकडं बघितलंच न्हाई.
त्यांनी तीन परकार दाखवले. एक स्प्रेचा डबा. एक नव्वद नंबरचं गिअर ऑईल. अन् एक जळकं ऑईल, इंजिनातून काढलेलं, काळं, ते फुकट. म्हणले, भाभी, जळकं घेऊ नका, त्यात लोखंडाचा चुरा असतो, चेन खातंय. धुळीत राहता तर नव्वद नंबर घ्या. डबल स्टँडवर गाडी लावा, गिअर काढून न्यूट्रल करा, चाक हातानं फिरवा, चेनीच्या आतल्या अंगाला एकेक थेंब. अर्धा तास थांबा. मंग कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा.
मी म्हणलं, पुसून काढायचं तर लावायचं काहून?
म्हणले, आत मुरलं तेवढं कामाचं, वरचं नुसती धूळ धरतंय. पुसायचं म्हंजी पुसायचं.
मी मान हालवली. पण मनात म्हणलं, दुकानदार हाय, तेल लवकर सरावं म्हून पुसायला सांगतोय.

१० एप्रिल, सांच्याला
लेकराच्या डोक्याला तेल लावून कोणी पुसतं का? मुरू द्यावं लागतं. अजराला मी रोज लावते, कपाळावर ओघळ येईस्तोर, तवा तिचे केस असे हायेत. चेनीचं बी तेच. अर्धी बाटली लावली, चांगली चोळून चोळून. टायरला थोडं लागलं. पुसलं न्हाई. उपाशी होती बिचारी.

११ एप्रिल, शुक्रवार. दुपारी तीन
आज जुम्मा. अजराचे अब्बा पांढरा कुर्ता पायजमा घालून नमाजाला गेले. काल मीच इस्त्री केलती. घरातून मशिदीपर्यंत जाऊन राहिले तेवढ्यात चेनीनं तेल उडवलं. पायजम्याच्या डाव्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत काळी पट्टी, पाठीवर ठिपके. लोकं म्हणले, फहीम, इंजिनात पडला का काय. परत येऊन कपडे बदलेपर्यंत इमामसाहेबांचा खुत्बा निम्मा सांगून झालता.
घरी येऊन म्हणले, चेनीला कोणी तेल ओतलं? मी म्हणलं, कोणी ओतंल. ते म्हणले, ड्रमावरच्या पोरांचं काम हाय, बघतो एकेकाला.
मी खोटं बोलले न्हाई. कोणीतरी ओतलंच होतं.
पायजमा तीनदा धुतला. आता त्याचं पोतेरं करावं लागंल. एका अर्थी बरं झालं, चेन पुसायला फडकं पायजेच होतं.

१२ एप्रिल, शनिवार
ठरवलं:
तेल कमी.
पुसायचं.
ड्रमावरच्या पोरांची माफी मागायची (मनात).

१३ एप्रिल, रविवार. सकाळी
पुन्हा झोप न्हाई. काल ते म्हणले, फाट्याच्या वळणाला मागचं चाक सरकलं, टायरला तेल लागलंय. असं म्हणून भाकरी मोडली. माझ्या हातातलं वरण सांडलं.
म्हंजी पुलावर चेन कोरडी होती म्हून घसरलो, अन् आता वली हाय म्हून घसरतोय. अन् वली मी केली. त्यांना काही झालं असतं तर? टायर सोड्यानं धुऊन काढला, दोनदा. पाच किलोमीटर कोरड्या फुफाट्यात चालवा म्हणलं. ते म्हणले, आज काहून एवढी काळजी?
अजराला गाडीवर बसू देत न्हाई. ती सीटला धरून रडती. मी बी आत जाऊन रडले. पण चेनीसाठी न्हाई, कांदा चिरून राहिले होते.

१३ एप्रिल, दुपारी
भाईचा फोन आला. अकीक्याला लवकर ये म्हणला. मंग म्हणला, चेनीचं काय झालं? बुधवारी मी तुमच्या शिरडला येऊन राहिलोय, पाच मिनटाचं काम हाय, करून देतो.
मी म्हणलं, काही गरज न्हाई. एकदम बराबर हाय.
फोन ठेवल्यावर कळलं, मी काय बोलले. पण आता बोलले ते बोलले. त्यानं येऊन बघितलं असतं तर सात दिवसाचं सगळं निघालं असतं: करडी, सोडा, गंज, पायजमा. जन्मभर सांगितलं असतं त्यानं, अकीक्याच्या पंगतीत सुद्धा.

१५ एप्रिल, मंगळवार
चेन धुवायला रॉकेल पायजे, ते आता मिळत न्हाई. जिवनबाई मावशीच्या शेतातल्या इंजिनाचं डिझेल वाटीभर आणलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं चेनीची एकेक कडी घासली. उत्तमसिंगभाऊ म्हणले तसंच, आतल्या अंगाला एकेक थेंब. अर्धा तास थांबले. पुसलं. मन मारून पुसलं.
रातीला अजराचे अब्बा विचारत होते, माझा ब्रश कुठं हाय. मी जुना समजून घेतला तो त्यांचाच निघाला. अन् नवा होता म्हणे.

१६ एप्रिल, बुधवार
आवाज न्हाई. तेल उडालं न्हाई. हळद नुसती वरून बसली, फडक्यानं झटकली की गेली.
जिवनबाई मावशीला बोलावून दाखवलं. म्हणल्या, व्हय बाई, आमच्या ह्यांच्या गाडीचं बी बघ. मी म्हणलं, बघते, सोमवारी सवड हाय.
अकीक्यात भाईला आधी जेवू देणार. मंग हळूच म्हणणार, जरा आमची चेन बघ, बराबर हाय का. त्याला कळल्यावर विचारंल, कोणी केली. मी काही बोलणार न्हाई. अजराला शिकवून ठेवलंय, ती बोलणार: अम्मीनं.

१८ एप्रिल, शुक्रवार
पायजमा पांढराच राहिला. नवा हाय, पण पांढरा राहिला. आज निवांत झोपले, दुपारची.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी पाऊण
उद्या जायचं. चेन चांगलीच हाय. पण लेकरू बसणार हाय तर शेवटचा एक हात फिरवते. आज ते पायी गेलेत, गाडी अंगणात उभी हाय. वही जवळ घेऊन बसलेय, एकेक काम झालं की खूण करणार.
डबल स्टँड ✓
गिअर काढला ✓
थेंब ✓
पुसायचं

१९ एप्रिल, दीड
पुसायचं ऱ्हायलंय.
एका हातानं चाक फिरवत होते, एका हातानं फडकं धरलं होतं. उत्तमसिंगभाऊ म्हणलेच न्हाईत की बाईमाणसानं कमीजचा घेर आवरून बसावं. त्यांना काय माहीत. घेर चेनीत गेला. मला वाटलं फडकंच अटकलं, म्हून चाक अजून जोरात फिरवलं. दोन वेढे बसले. उलटं फिरवून बघितलं, तिसरा बसला. ओढलं तर कापड फाटत न्हाई, ईदचं चांगलं कापड हाय. आता माझी कंबर चाकाला टेकलीय, उठता येत न्हाई, अन् कमीज काढता येत न्हाई, अंगण रस्त्याला लागून हाय, फाटक पत्र्याचं अन् त्याला भोकं.
फोन आत कपाटावर. अजराच्या हाताला लागू नये म्हून मीच वर ठेवला. कात्री बी तिथंच, त्याच कारणानं. अजरा समोर बसून म्हणती, अम्मी, अजून एकदा करा.

१९ एप्रिल, दोन वाजून गेलेत
जिवनबाई मावशी शेतात. दोनदा हळू हाक मारली. मोठ्यानं मारली असती, पण बाप्ये पळत येतील.
ऊन पायावर आलं. अजराला सावलीत बसवलं, माझ्या ओढणीचं टोक तिच्या हाताला बांधलंय, म्हंजी फाटकाकडं जाणार न्हाई. तिला झोप यायलीय. मला भ्या वाटायलंय. मी हितं अन् ती उठून बाहेर रस्त्यावर गेली तर मी काय करणार हाय.
हे पान फाडून ब्रशला गुंडाळून भिंतीवरून फेकते.

ज्याला कोणाला हे सापडंल त्याला सलाम. मी अंजुम, फहीम हळदवाल्याची बायको, पत्र्याच्या फाटकाचं घर. आत येऊ नका. बाईमाणूस असंल तर या, कात्री घेऊन या. फहीमला फोन लावू नका, ड्रमाच्या आवाजात ऐकू येत न्हाई अन् आलं तर अजून वाईट. उत्तमसिंगभाऊच्या दुकानात भिंतीवर मुबश्शीर मेकॅनिक म्हून नंबर लिव्हलाय. तो माझा भाऊ. त्याला सांगा, तुझ्या बहिणीनं चेनीला हात लावला. सांगा, चेन चांगली हाय, बहीण अटकलीय. सांगा, लेकरू सोबत हाय, लवकर ये, अन् उद्या अकीक्याला आमाला तुझ्याच गाडीत घेऊन जा. तो हसंल. लई हसंल. त्याचं हसणं होईस्तोर थांबा, पण त्याला फोन लावा.