डोळे मिटले म्हणजे नको

मी, किशोरी गुरुप्रसाद राऊळ, वय ४६, व्यवसाय नोकरी (ग्रंथपाल), राहणार वालावल, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पडवीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. येत्या १५ डिसेंबरला गोव्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. त्याची काळजी आहेच, पण लिहायला बसण्याचे कारण एक फोटो आहे. माझ्या मागे त्याचे काय व्हावे हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती गुरुप्रसाद १९ नोव्हेंबर २०२१ रोजी वारले. राहते घर आणि मागची काजूची बाग सासूबाई राधाबाई, मुलगी अक्षया आणि मी अशा तिघींच्या नावे झाली. त्यातला माझा तिसरा हिस्सा मी अक्षयाला देते. सासूबाई हयात असेपर्यंत माजघरातली त्यांची खिडकीजवळची खाट हलवायची नाही. घर दुरुस्त करताना कंत्राटदार सांगेल, तरी नाही.

२. बँकेतली ठेव, भविष्य निर्वाह निधी आणि माझ्या दोन बांगड्या अक्षयाला. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. पेन्सिलीच्या खुणा असलेली त्यांनी परत केली तर समजून घ्यावे. १९९८ पासूनच्या सत्तावीस डायऱ्या (२०२२ ची लिहिलीच नाही) अक्षयाच्या. वाचायच्या की नाही ते तिने ठरवावे. त्यात तिच्या बाबांवर मी रागावलेली पाने आहेत. फाडण्याचा मोह झाला होता. फाडलेली नाहीत.

३. कॅमेरा, दोन लेन्स आणि हार्ड डिस्क अक्षयाला. डिस्कमध्ये अडीच वर्षांचे तीन हजारांहून अधिक फोटो आहेत. ते का काढले, हे एकदा लिहून ठेवते. गुरुप्रसादना मज्जातंतूंचा आजार झाला. आधी बोटे गेली, मग हात, मग जीभ. यावर औषध नाही असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले. परतताना बसमध्ये मी त्यांना म्हटले, मला यातला एकेक दिवस ठेवायचा आहे. ते हसले.

"काढ, पण इचारून काढ. मी काय फणस नाय, कोणीय येवन फोटो काढूक."

मी विचारून काढले. पेज भरवताना, दाढी करताना, अक्षया त्यांच्या उशाशी बसून दहावीचा इतिहास मोठ्याने वाचताना. सासूबाईंना ते पटले नाही. "तुझ्या कॅमेऱ्यान माझ्या झिलाचा आयुष्य खाल्ल्यान," असे त्या शेजारणींसमोर म्हणाल्या, आणि मी आठ दिवस त्यांच्याशी जेवणापुरते बोलले. हे मी त्यांना विसरले असे सांगितले आहे. विसरलेले नाही.

वाचा गेल्यावर आम्ही नियम केला आणि मी तो कागदावर लिहून फ्रीजला लावला: डोळे वर केले म्हणजे हो, मिटले म्हणजे नको. पाणी, कूस, पंखा, फोटो, सगळ्याला तोच नियम. फोटोला ते पुष्कळदा नको म्हणत. मी कॅमेरा खाली ठेवत असे.

४. ते गेले त्या दिवशी, १९ नोव्हेंबरच्या सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान मी अकरा फोटो न विचारता काढले. त्यांचे डोळे मिटलेले होते. ते बेशुद्ध होते, तेव्हा ते उत्तर धरायचे नाही, असे मी चार वर्षे स्वतःला सांगत आले. पण नियमात बेशुद्धीचा अपवाद नव्हता, आणि नियम माझ्या हातचा होता. मी घाबरले होते हेही खरे. घाबरले की माझे हात कॅमेऱ्याकडे जात. तेव्हा ते त्यांच्या हाताकडे जायला हवे होते. अकरा फोटोंत माझा हात कुठेही नाही.

या अकरांच्या प्रती कसालच्या मुनव्वर मुजावर यांनी त्यांच्या दुकानात छापल्या. पाकीट देताना ते म्हणाले, "मी बघूक नाय वैनी. मशिनान बघितल्यान." ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने कायद्याने त्यांना काही देता येत नाही. आभार देता येतात, ते दिले.

५. माझे दीर सत्यवान यांनी माझ्या फोनमधला, गुरुप्रसादना नाकात नळी लावलेला एक फोटो न विचारता भावकीच्या ग्रुपवर पाठवला होता. त्यावर हात जोडलेली पन्नास चित्रे आली. मी त्यांच्याशी तीन वर्षे बोलले नाही. त्यांनी एक न विचारता पाठवला आणि मी अकरा न विचारता काढले, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. विहिरीजवळच्या पायरी आंब्याची माझ्या वाट्याची फळे दरवर्षी त्यांना द्यावीत. क्षमा करायची की मागायची हे माझे अजून ठरलेले नाही. आंबे मात्र द्यावेत.

६. या चतुर्थीला अक्षया घरी आली तेव्हा ते पाकीट तिच्या हाती लागले. तिने आवाज चढवला नाही.

"आई, बाबांचे डोळे मिटलेले आसत. मिटले म्हणजे नको. तुझ्याच अक्षरात फ्रीजवर होता."

मी म्हटले, होय.

"मगे जाळून टाक."

मी पाकीट कपाटात परत ठेवले. न जाळण्याला कारण होते, पण ते माझे मलाच सबबीसारखे वाटे. ते कारण असे. सासूबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना पुष्कळ आठवत नाही, आणि आठवते त्यातले एक खोटे आहे: मुलगा गेला तेव्हा आपण परसात फुले काढत होतो आणि कोणी बोलावले नाही. आठवड्यातून दोन-तीनदा हे मनात येऊन त्या खाटेवर उठून बसतात.

"माझो झील गेलो आणि मी खंय होतंय? माका कोणी हाक मारूक नाय."

"तुमी हंयच होतास."

"खोटा सांगू नको. माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस."

मग मी सातवा फोटो आणते. त्यात गुरुप्रसादांच्या कपाळावर एक म्हातारा हात आहे, अंगठ्यावर विळीने कापल्याचा जुना वण. सासूबाई चष्मा पदराला पुसून बघतात, मग स्वतःचा अंगठा फोटोशेजारी धरतात.

"ह्यो आंगठो माझोच मां गो?"

"तुमचोच."

"मगे होतंय मी."

आणि त्या परत आडव्या होतात.

अक्षयाने पाकीट पाहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हा प्रश्न आला. मी स्वयंपाकघरातून पोचेपर्यंत अक्षयानेच कपाट उघडून सातवा फोटो नेला होता. अंगठा लावून झाल्यावर आजीने तिला विचारले, "ह्यो काढल्यान कोणी?"

"आईन."

"बरा केल्यान."

अक्षयाने माझ्याकडे पाहिले नाही. फोटो पाकिटात घालून तिने तो कपाटात होता तिथेच ठेवला. सासूबाईंचा तो शेरा मी माझ्या बाजूचा पुरावा मानत नाही. विचारायचे होते ते गुरुप्रसादना.

७. म्हणून बाकीचे दहा फोटो, डिस्कवरचे आणि छापलेले, आज अक्षयासमोर मी पुसले व जाळले. सातवा फोटो राधाबाईंचा. त्या विचारतील तेव्हा अक्षयाने, ती नसेल तर घरात जे कोणी असेल त्याने, तो दाखवावा आणि "तुमी हंयच होतास" असे ऐकू जाईल इतके मोठ्याने सांगावे. नुसता हातात देऊन निघून जाऊ नये. अंगठा लावून होईपर्यंत थांबावे. त्या गेल्या की तो त्यांच्या तळव्याखाली पालथा घालून चितेवर ठेवावा, आणि डिस्कवरचाही त्याच दिवशी पुसावा. गुरुप्रसादनी नको म्हटले होते. त्यांच्याकडे मी त्यांच्या आईच्या आयुष्याएवढी मुदत मागत आहे.

हे सर्व पार पाडण्याचे काम माझ्या कॉलेजमधल्या सहकारी शर्मिला पेडणेकर यांनी करावे. त्यांनी होकार दिला आहे; दोनदा विचारून घेतला.

८. काल अक्षयाने चार वर्षांत पहिल्यांदा तो कॅमेरा हातात घेतला आणि पडवीच्या पायरीवरून विचारले, "आई, तुझो काढू?" मी डोळे वर केले. तिला कळायला एक क्षण लागला, मग तिने काढला. नियम तोच राहील. गोव्यात माझे डोळे मिटलेले असतील तेव्हा कॅमेरा पिशवीत असावा आणि माझा हात तिच्या हातात.

सही: किशोरी गुरुप्रसाद राऊळ

किशोरी राऊळ यांनी हा कागद आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पानावर सही केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार
१. मुनव्वर दाऊद मुजावर, कसाल
२. शर्मिला अनंत पेडणेकर, कुडाळ

वालावल, ७ डिसेंबर २०२५