नसलेल्या गोदामातल्या उशा

४ फेब्रुवारी, मंगळवार
दार लागलं तिच्या खोलीचं. आता बोलते. नातीने हा फोन हातात दिला नि म्हणाली, "आजी, इथे दाबायचं आणि बोलायचं. तो लिहून घेतो." मला अक्षर येत नाही, त्यामुळे तो काय लिहितो ते मला कळायचं नाही. पण चुगली करणाऱ्यातला वाटत नाही.

घरात आम्ही दोघीच. ती गोल चष्मा लावते, म्हणून मी तिला घुबड म्हणते. तिची कंपनी दुसऱ्यांच्या कंपन्यांना सॉफ्टवेअर बसवून देते. सध्या एक उशांचा कारखाना. ऑर्डरी, गोदाम, बिलं, सगळं त्यातूनच चालायचं. काल ते सुरू झालं आणि कालच अडलं. ऑर्डर टाकली की म्हणतं, माल शिल्लक नाही. गोदामवाला फोनवर तळतळत होता — "मॅडम, मी उशांवरच बसलोय हो."

मला हसू आवरेना. घुबडाने डोळे वटारले.

५ फेब्रुवारी
हसण्यासारखं नव्हतं ते, आज कळलं. शनिवारपर्यंत हे सुरळीत झालं तर हिला समुद्रापलीकडच्या ऑफिसात पाठवणार. दोन वर्षं. नाही झालं तर दुसऱ्या कुणाला. जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. किती दिवसांपासून तिला जायचंय तिथे.
"जा की," म्हटलं, "माझ्यामागची कटकट तरी जाईल."
"कटकट म्हणजे मी?"
"तू नाही गं, तुझं ते मशीन."
दोघी हसलो. भांडी मग मीच घासली. नळ मोठा सोडून.

६ फेब्रुवारी
दुपारी डुलकी लागली. स्वप्नात गोदामातल्या उशा छपराच्या फटीतून बाहेर पडत होत्या. एकीमागून एक, शेळ्यांसारख्या, काही घाई नाही. गल्लीवरून, तारांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून. कुणाच्या डोक्याखाली जायचं ते कुणी सांगितलेलंच नव्हतं त्यांना. आमच्या खिडकीशी येऊन थांबल्या, आत बघत. मी हळूच खिडकी लावून घेतली.

जाग आली तर पलीकडे घुबड पुटपुटत होतं — आकडे बरोबर, माल बरोबर, मग जातो कुठे?

खरं सांगू? फक्त तुला सांगते हं, फोन. मला वाटलं, नको सापडायला.
पुसता येत असेल तर पूस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज नवल. तिने मशीन मिटून ठेवलं आणि माझ्याजवळ मटार सोलत बसली. "सुचत नाही आज," म्हणाली. मीही खोदून विचारलं नाही. ऊन सरकत सरकत तिच्या पायांवर आलं.

मला समजावत होती. "आजी, ते मोडलेलं नाही गं. सांगितलंय तसंच वागतंय. कुणीतरी चुकीचं सांगून ठेवलंय." शेकडो कप्पे असतात म्हणे, प्रत्येकात एक हो नाहीतर नाही. एक बदलायचा, ऑर्डर टाकून बघायची, नाही जमलं तर होता तसा ठेवायचा. दोन एकदम बदलले तर कशाने बरं झालं ते कळत नाही. मी आयुष्यभर मीठ-तिखट एकदमच टाकत आले. म्हणूनच कशाने बिघडलं ते कधी कळलं नाही.

मग तिच्या साहेबिणीचा फोन. "उद्या म्हणजे उद्या." ही म्हणाली, "हो मॅम." इतक्या बारीक आवाजात. लहानपणी ताप चढला की असाच आवाज यायचा तिचा.

फोन, कालचं माझं बोलणं मागे घेते. सापडू दे तिला.

८ फेब्रुवारी
सापडलं! दात घासताना आठवलं, तशीच तोंडात फेस घेऊन मशीनकडे धावली.

सरावासाठी तिनेच एक खोटं गोदाम मांडलं होतं, भातुकलीसारखं. सराव संपला, ते मोडायचं राहिलं. एका कप्प्यात तसंच राहून गेलेलं — सगळा माल आधी इथे. म्हणून एकूण एक उशी त्या नसलेल्या गोदामात जमा, आणि ऑर्डरी खऱ्याचं दार वाजवताहेत. कप्पा बदलला, ऑर्डर सुटली. गोदामवाला विचारतो, "मॅडम, उतरू का आता खाली?"

चूक आपलीच, हे साहेबिणीला तिने आपणहून सांगितलं. मला वाटलं, गेलं हातचं. साहेबीण म्हणाली, तिकीट काढते.

दिवसभर ते गोदाम डोळ्यांपुढे. भिंती नाहीत, कुलूप नाही, नुसत्या पांढऱ्या उशा. किती शांत असेल आत. घुबड गेलं की तिथेच राहायला जावं म्हणते. हाक मारायला कुणी येणार नाही.

११ फेब्रुवारी
बॅग भरतेय. तिची उशी मी गुपचूप माझ्या पलंगावर आणून ठेवलीय. तिला वाटेल, धुवायला टाकली. हे तुझ्यामाझ्यात.

१२ फेब्रुवारी
उशी विचारायला आली नाही. उलट तिची चादरही माझ्या पलंगावर घडी घालून ठेवलेली.

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी विमान. जाण्याआधी फोन तपासते म्हणाली, आणि तो हातात धरून बसूनच राहिली.
"आजी, एक कप्पा चुकून चालू राहिला. तू बोलतेस ते माझ्या मशीनवरही उतरतं. पहिल्या दिवसापासून."
"'नको सापडायला', तेसुद्धा?"
"ते वाचलं आणि शोधणं थांबवलं मी. 'सापडू दे' म्हणालीस, तेव्हा पुन्हा उघडलं."
कप्प्यावर बोट ठेवलं तिने. "बंद करू?"
म्हटलं, राहू दे.